मदत हवी आहे: अरबी प्रश्नावलीत लग्नाचा प्रश्न कसा घालावा?

मंडळी, जॉर्डनची राजधानी अम्मानमधल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या मनात मानसिक आजाराबद्दल किती कलंक आहे, ते मोजायचंय. त्यासाठी रिब्स (RIBS: मानसिक आजार असलेल्यांशी संबंध आले का आणि पुढे ठेवाल का, हे विचारणारी) ही मापनपट्टी घेतली आहे. प्रश्न ८. पहिले ४ फक्त आजवरच्या संबंधांबद्दल, त्यांना गुण नाहीत. पुढचे ४ म्हणजे आजारी माणसासोबत राहाल का, काम कराल का, शेजार चालेल का, मैत्री टिकवाल का. प्रत्येकी १ ते ५, 'माहीत नाही'ला ३, बेरीज ४ ते २०.

गोची अशी, की तिथली बरीच मुलं लग्नापर्यंत आईवडिलांकडेच राहतात, त्यामुळे 'सोबत राहाल का' हवेतच राहतो. कलंक खरा दिसतो तो सोयरिकीत. भावाच्या आजारामुळे बहिणीचं स्थळ मोडेल या धास्तीनं घरचे उपचारच लपवतात (आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको). रिब्समध्ये लग्न नाहीच!

लग्नाचा नववा प्रश्न शेवटी जोडून त्याचे गुण बेरजेबाहेर ठेवले, तर इतर देशांशी तुलना शाबूत राहते. की सामाजिक अंतराची (अशा माणसाला किती जवळ येऊ द्याल, हे मोजणारी) वेगळी पट्टीच घ्यावी? शिवाय 'तुम्ही'ऐवजी 'तुमच्या घरचे' विचारलं तर गुळगुळीत उत्तरं कमी येतात का? प्राध्यापकांसमोर कागद भरताना सगळेच उदार होतात, म्हणून फॉर्म निनावी, मोबाइलवरच ठेवतोय. अरबी भाषकांसोबत असं काम केलेल्यांनी कृपया सांगावं.