पाणलोट: वॉटरशेड लिहू की कॅचमेंट? (अर्जासाठी, घाई आहे)

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात जलव्यवस्थापनाच्या एमएस्सीला अर्ज करतेय. माण तालुक्यात एका संस्थेबरोबर पाणलोटाचं काम केलं, ते ५०० शब्दांच्या निवेदनात बसवायचंय. पहिलं वाक्य होतं, 'आय वर्क्ड इन अ वॉटरशेड ऑफ थ्री व्हिलेजेस'. तिकडे राहणाऱ्या मावसभावाने वॉटरशेडवर काट मारून कॅचमेंट केलं. म्हणे वॉटरशेड म्हणजे डोंगराची धार, तू तिथे काय करत होतीस? पण योजनेच्या नावात, अहवालात, माझ्या अनुभवाच्या दाखल्यातसुद्धा वॉटरशेडच आहे. काय ठेवू?
शिवाय श्रमदानाला काय म्हणायचं? सध्या 'व्हॉलंटरी लेबर' लिहिलंय, पटत नाहीये.

लीड्सकर:
भाऊ बरोबर सांगतोय. इकडे वॉटरशेड म्हणजे जलविभाजक, जिथून पाणी दोन बाजूंना फुटतं ती रेषा. खालचा सगळा मुलूख तो कॅचमेंट. अमेरिकेत मात्र त्या मुलखालाच वॉटरशेड म्हणतात आणि आपल्या योजनांनी तोच अर्थ उचलला. बाकी इथल्या साध्या माणसाला वॉटरशेड म्हटलं की टीव्हीवरचे रात्रीचे नऊ आठवतात, त्याआधी मोठ्यांचे कार्यक्रम दाखवायचे नाहीत. आणि कॅचमेंट म्हणजे शाळेची हद्द. आमच्या मित्राने निव्वळ कॅचमेंटपायी घर बदललं. नदीचा काही संबंध नाही!

नालाबांध:
ताई, मी कृषी खात्यात उभी नोकरी काढली. धरणाच्या वरच्या मुलखाला जलसंपदावाले कॅचमेंट म्हणतात, आणि आम्ही गावपातळीवर काम करायला गेलो की तोच प्रकार वॉटरशेड होतो. मराठीत दोन्ही पाणलोटच. 'कोयनेच्या पाणलोट क्षेत्रात मुसळधार' हे पेपरात दर पावसाळ्यात येतं, ते कॅचमेंट. 'पाणलोट विकास' हे वॉटरशेड. भूजलवाल्यांनी अख्खा महाराष्ट्र १५३१ पाणलोट क्षेत्रांत वाटलाय, त्यांच्या इंग्रजीतही वॉटरशेड. मग तुम्ही एकट्यानेच का बदलायचं? पाण्याचं शास्त्र शिकवणाऱ्याला दोन्ही अर्थ ठाऊक नसतील तर त्याच्याकडे शिकायला कशाला जाताय?

लीड्सकर:
काका, त्याला कळेलच हो. पण अर्ज आधी प्रवेश कार्यालयातला माणूस वाचतो.

शुद्धमती:
इंग्रजीचं राहू द्या, मराठीत काय घोळ घातलाय ते बघा. वॉटरशेडमधली शेड पत्र्याची नव्हे. जुना अर्थ वेगळं करणं, दुभागणं. केसांच्या भांगालाही तिकडे बोलीत शेड म्हणत. शब्द घडला तो जर्मन वासरशाइडच्या धर्तीवर. एवढा देखणा अर्थ समोर असताना आपल्या पाठ्यपुस्तकांनी 'जलविभाजक' नावाचं लोढणं गळ्यात अडकवलं. साधं 'पाणभांग' म्हणता आलं असतं. शंभू महादेवाची रांग म्हणजे भीमा आणि कृष्णा यांच्यातला भांग. माणगंगेचं पाणी भीमेला, शेजारच्या खटावातलं येरळेतून कृष्णेला.

टीपकागद:
पाणभांग वाचून मला महाशिवरात्र आठवली.
गंमत म्हणजे नगर जिल्ह्यात आम्ही इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात होतो. जर्मन लोक आले की वॉटरशेड शब्दावर हमखास अडखळायचे, कारण त्यांच्या कानाला तो वासरशाइड, म्हणजे नुसती धार. आपण ज्याला पाणलोट म्हणतो त्याला त्यांचा शब्द वेगळाच आहे, आइनत्सुग्सगेबीट. आता तो मराठीत आणा.
आणि पाणलोट हा काही योजनेने काढलेला शब्द नाही. माझे आजोबा छपराच्या उतारालाही पाणलोट म्हणायचे. पाणी जिकडे लोटतं तो.

नालाबांध:
हे पटलं. आम्ही गावात सांगायचो, काम माथा ते पायथा. वर सलग समतल चर, मग ओघळीत दगडी बांध, गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत बांधलेले दगड, शेवटी खाली माती नाला बांध. वरचं सोडून आधी खालचा बांध घातला की दोन पावसाळ्यांत गाळाने भरला म्हणून समजा. म्हणजे आपला पाणलोट हा माथ्यापासून पायथ्यापर्यंत आणि त्या ब्रिटिशांचं वॉटरशेड म्हणजे नुसता माथा. ताई, मुलखाचं वर्णन कराल तिथे कॅचमेंट लिहा, योजनेचं नाव जसंच्या तसं ठेवा. नाव बदलायचा अधिकार तुम्हालाही नाही, भावालाही नाही.

आडवाट:
श्रमदानाबद्दल कुणीच बोलत नाहीये. 'व्हॉलंटरी लेबर' वाचलं की मला वेठबिगारी दिसते, नुसता वर स्वेच्छेचा शिक्का मारलेली. शब्द शोधूच नका, काय झालं ते लिहा. पहाटे गावकरी यायचे, ए-फ्रेम म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट, तिचा ओळंबा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पायांपाशी फक्की टाकायची, फ्रेम फिरवून पुढे सरकायचं, आणि त्या रेषेवर चर खोदायचे. मजुरी कुणी घेतली नाही. वाचणाऱ्याला तेवढं पुरे.

शुद्धमती:
श्रमदान हा शब्दच भाषणबाजीचा. भूदान, ग्रामदान, संपत्तिदान, त्याच माळेतला मणी. १९५१ नंतर जो तो दान करत सुटला. आपला अस्सल शब्द इर्जिक. तो वापरा आणि कंसात अर्थ द्या.

आडवाट:
इर्जिक कशी होईल? इर्जिक एका माणसाच्या रानात असते. गावातले नांगर-बैल गोळा होतात, दिवसात रान उरकतं, आणि ज्याचं रान तो जेवू घालतो. चर खोदायला आलेल्यांना जेवण कुणी घातलं?

चिंचगूळ:
चहा होता. कधीकधी पोहे.
मंडळी, परवा शेवटची तारीख आहे. 'आय वर्क्ड इन अ स्मॉल कॅचमेंट ऑफ थ्री व्हिलेजेस, अंडर अ वॉटरशेड डेव्हलपमेंट प्रोजेक्ट' चालेल का?

लीड्सकर:
चालेल. फक्त 'वर्क्ड' काढ. 'मॅप्ड' लिही, 'मेझर्ड' लिही, जे केलं असशील ते. विहिरींची पातळी मोजली होतीस ना?

टीपकागद:
पोहे असतील तर इर्जिकच.
पण आडवाट, तुम्ही म्हणताय त्यापेक्षा सावड जवळची. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. सावडणे म्हणजे गोळा करणे, त्यावरून माणसं गोळा होतात ती सावड, असं माझं मत.

शुद्धमती:
राख सावडतात हो. शुभ कामाला तो शब्द कोण लावेल?

आडवाट:
लावतात. आमच्याकडे भांगलण सावडीवरच व्हायची आणि कुणाला राख आठवायची नाही. कोल्हापूरकडे त्यालाच पैरा म्हणतात.

नालाबांध:
पैरा आणि सावड एक नव्हे. पैऱ्यात बैलसुद्धा फेडावे लागतात, नुसती माणसं नाही. सावडीला आमच्याकडे बैल धरत नसत. कोल्हापूरचं कुणी आहे का इथे?