सातबारा कोरा, पण जुन्या फेरफारात बहिणी गायब. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यात 32 गुंठे जिरायत जमीन विकत घ्यायला बघितली आहे. वडिलांच्या नावावर शेती असल्याने शेतजमीन घ्यायला लागणाऱ्या शेतकरी दाखल्याचा प्रश्न नाही.

सातबाऱ्यावर विकणारे तीन भाऊ, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे विकायला सरकारी परवानगीची अट नसलेली जमीन), इतर हक्कात बोजा नाही. एजंट म्हणतो, "कोरा सातबारा आहे, अजून काय बघताय?" पण सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, एवढं मलाही कळतं. म्हणून तहसीलमधून जुने फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी) काढले आणि तिथेच माशी शिंकली. 1994 च्या वारस नोंदीत दोन बहिणींची नावं आहेत. 1998 च्या फेरफाराने ती कमी झाली, आधार काय तर "जबाबावरून". नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच सापडत नाही. एक बहीण आता हयात नाही, तिची मुलं सुरतला असतात. भाऊ म्हणतात, "त्यांचं काही म्हणणं नाही." मग सहीला का आणत नाहीत, देव जाणे!

माझ्या वकिलांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) अजून यायचा आहे. तोवर अनुभवी लोकांना विचारतो: बहीण आणि भाच्यांकडून आधी हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावं, की खरेदीखतातच त्यांना संमती देणार म्हणून घेतलं तर भागतं? भाचे येऊ शकले नाहीत तर सुरतहून कुलमुखत्यारपत्र चालेल का? आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस विसाराआधी (आगाऊ रक्कम देण्याआधी) द्यावी की नंतर? एजंट विसारासाठी रोज फोन करतोय.