टाउएन्त्सीन: ब्रेस्लाउ पाच दिवसांत वाचलं, मग श्वाइडनिट्झ घ्यायला ६३ दिवस का?

दुर्गवेडा
प्रशियाचा किल्लेदार बोगिस्लाव फ्रीडरिख फॉन टाउएन्त्सीन (१७१०–१७९१) याच्याबद्दल वाचतोय. एक कोडं सुटत नाही. सप्तवार्षिक युद्धात, १७६० च्या ऑगस्टमध्ये, लाउडनच्या प्रचंड ऑस्ट्रियन फौजेपुढे त्याने तुटपुंज्या शिबंदीवर ब्रेस्लाउ राखलं. १७६२ मध्ये तोच श्वाइडनिट्झला वेढा घालतो, पाठीशी खुद्द राजा फ्रेडरिक, तरी किल्ला हाती यायला ६३ दिवस! किल्ला राखण्यात वाकबगार, पण घेण्यात कच्चा, असं म्हणायचं का? आणि बर्लिनमधला टाउएन्त्सीनश्ट्रासे हा रस्ता याच्याच नावाचा ना?

खंदकाकाठी
कच्चा अजिबात नव्हता. दोन्ही वेढ्यांची जातच वेगळी आहे.

२६ जुलै १७६० ला ग्लात्सचा प्रशियन किल्ला काही तासांत पडला आणि त्याच जोरावर लाउडन महिनाअखेरीस ब्रेस्लाउपुढे आला. पण तटाला खिंडार पाडायच्या जड तोफा अजून मागेच होत्या. खिंडार नाही म्हणजे हल्ला नाही. उरला धाक आणि जाळपोळ. शिवाय घाई होती: साल्टिकोव्हची रशियन फौज येऊन मिळायची होती आणि राजाचा भाऊ हेन्री कुमक घेऊन निघाला होता. अशा वेळी किल्लेदाराचं काम एकच, दिवस काढणं.

खरा धोका तटाच्या आत होता. शहरात सुमारे ९,००० ऑस्ट्रियन युद्धकैदी होते, म्हणजे शिबंदीपेक्षा जास्त. ते सुटले असते तर वेशी आतूनच उघडल्या असत्या. भरवशाची तुकडी एकच, राजाच्या गार्डची. टाउएन्त्सीन त्याच गार्डचा जुना माणूस; १७५७ मध्ये कोलिनच्या लढाईत जबर जखमी झालेला. शरण न आल्यास आईच्या पोटातल्या बाळालाही दया दाखवणार नाही, अशी धमकी आली तेव्हा त्याने कळवलं, म्हणे, की मी गरोदर नाही आणि माझे शिपाईही नाहीत. रात्री तोफांचा मारा झाला, राजवाडा जळाला, तो हलला नाही. हेन्री जवळ येताच लाउडनने वेढा उठवला.

सुरुंगवाला
आता श्वाइडनिट्झ. १ ऑक्टोबर १७६१ ला लाउडनने अचानक रात्री छापा घालून ते घेतलं होतं. पुढच्या वर्षी ७ ऑगस्टच्या रात्री प्रशियनांनी मोर्चे खणायला घेतले. १६ ऑगस्टला राइखेनबाखला ऑस्ट्रियन सेनापती डाउनची कुमक परतवली गेली, म्हणजे बाहेरून येणारं कोणी उरलं नाही. ऑस्ट्रियन किल्लेदार ग्वास्को किल्ला सोडायला तयार झाला, अट एवढीच की शिबंदीला मोकळं जाऊ द्यावं. फ्रेडरिक म्हणाला, कैदीच हवेत. माझ्या मते उशिराचं निम्मं खापर या नकाराच्या माथी मारायला हवं, टाउएन्त्सीनच्या नव्हे.

उरलेलं निम्मं ग्रिबोव्हालचं. हा फ्रेंच तोफखान्याचा अधिकारी तेव्हा ऑस्ट्रियाच्या चाकरीत होता आणि किल्ल्यातलं सुरुंगयुद्ध तोच चालवत होता. समोर प्रशियाचा इंजिनिअर लेफेव्हर, फ्रेंच इंजिनिअर बेलिडोरच्या जास्त दारूच्या सुरुंगाचा कट्टर पुरस्कर्ता.

दुर्गवेडा
दारू जास्त भरली तर खड्डा मोठा होणारच. त्यात बेलिडोरचं नवं काय?

सुरुंगवाला
तेव्हाची समजूत उलट होती. खड्ड्याची रुंदी सुरुंगाच्या खोलीच्या दुपटीवर जातच नाही, जादा दारू नुसती हवेत उडते, असं मानत. बेलिडोरने प्रयोगांतून दाखवलं की रुंदी खोलीच्या सहापटीपर्यंत नेता येते. पाच मीटर खोल सुरुंगाचा खड्डा दहाऐवजी तीस मीटर रुंद. त्याहून मोलाचं म्हणजे जमिनीखालचा धक्का आजूबाजूची शत्रूची भुयारं चेपून टाकतो.

करायची पद्धत अशी: मोर्च्यातून विवर खाली, तिथून लाकडी चौकटींच्या आधाराने आडवं भुयार, टोकाला वळण देऊन दारूची कोठी. कोठीपासून बाहेरपर्यंत लाकडी पन्हळीतून दारूने भरलेली कापडी नळी. मग भुयाराचं तोंड माती, गवताची ढेकळं आणि लाकडं ठासून बंद. ठासणी कमी पडली की सगळा जोर भुयारातूनच मागे येतो. ओल शिरली की नळी मध्येच विझते. भुयार लांबलं की हवा कोंदते, मेणबत्ती विझली की माणसं बाहेर काढावी लागतात.

आणि खणण्याचा आवाज! ग्रिबोव्हालची माणसं भुयारात कान लावून बसत, दिशा ठरवत आणि छोटासा उलटसुरुंग उडवत. त्यात दारू मुद्दाम बेताची असते, वरची जमीन फुटत नाही, फक्त खणणाऱ्याचं भुयार ढासळतं. मग लेफेव्हरला पुन्हा नव्याने सुरुवात. राजाला शेवटी स्वतः वेढ्यात लक्ष घालावं लागलं. ८ ऑक्टोबरला प्रशियन गोळा यावर्निक उपदुर्गातल्या दारूकोठारावर पडला, त्याच रात्री सुरुंगाने तटाचा भाग खंदकात लोटला. ९ तारखेला ग्वास्को नऊ हजारांहून अधिक माणसांसह शरण आला. ग्रिबोव्हालही कैद झाला.

पोमेरानियन
रस्त्याचं तेवढं सांगतो. बर्लिनचा टाउएन्त्सीनश्ट्रासे मुलाच्या नावाचा, बोगिस्लाव फ्रीडरिख इमॅन्युएलच्या. त्याने १८१४ मध्ये नेपोलियनच्या सैन्याकडून विटेनबर्ग घेतलं. बाप आणि मुलगा यांची नावं जवळपास एकच, म्हणून घोळ होतो. मुलाचा जन्म सप्टेंबर १७६० चा, म्हणजे वेढा उठल्यावर सुमारे दीड महिन्याने.

बापाच्या नावाचा चौक ब्रेस्लाउत होता, मधोमध त्याचं स्मारक. शहर आज पोलंडचं व्रोत्स्वाफ आहे आणि चौक पोलिश सेनानी कोश्चुश्कोच्या नावाचा.

आणखी एक: १७६० ते १७६५ या काळात नाटककार लेसिंग ब्रेस्लाउत टाउएन्त्सीनचा सचिव होता. त्याच्या ‘मिना फॉन बार्नहेल्म’ या नाटकातले युद्धानंतर मोकळे झालेले अधिकारी, त्यांची देणी, त्यांचा मानीपणा, हे सगळं जवळून बघायला त्या कचेरीइतकी चांगली जागा दुसरी नव्हती.