ई-लिक्विडच्या बाटल्या किती दिवस टिकतात?

प्रश्न (लेस्टरवासी):
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. तीन वर्षांपूर्वी सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे (ई-सिगारेटकडे) वळलो आणि तेव्हापासून सिगारेटला हात लावलेला नाही. येथे १ ऑक्टोबर २०२६ पासून ई-लिक्विडवर, म्हणजे व्हेपमध्ये भरायच्या निकोटिनच्या द्रवावर, दर १० मिलिलिटरला २.२० पौंड कर ठरला असल्याने मी चाळीस बाटल्या आधीच घेऊन ठेवल्या. त्यांपैकी व्हॅनिलाच्या चवीची एक सील फोडलेली बाटली महिनाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली आणि आतले द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले. ते खराब झाले असे समजावे का? उरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात का? डिसेंबरमध्ये पुण्याला जाताना दोन-चार सोबत नेण्याचाही विचार आहे.

उत्तर १ (रसायनशास्त्राची शिक्षिका):
निकोटिनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, तसे ते आधी पिवळसर आणि मग तपकिरी होत जाते. ऊन आणि उष्णता यांमुळे ही क्रिया वेगाने घडते, त्यामुळे खिडकी ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा. मात्र केवळ रंगावरून निर्णय देऊ नये, कारण व्हॅनिलाच्या चवीतले व्हॅनिलिन निकोटिन नसतानाही काळवंडते. वासाला उग्रपणा आला असेल, घशाला नेहमीपेक्षा जास्त खवखव होत असेल, किंवा बाटली हलवूनही तळाचा थर मिसळत नसेल, तर ती टाकून द्यावी.

प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे मूळ घटक पुष्कळ टिकतात, पण दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. चव त्यांच्याआधी जाते, लिंबू-संत्र्याची तर फारच लवकर. बंद बाटलीवर सहसा एक-दोन वर्षांची मुदत छापलेली असते. फोडलेली बाटली मात्र मी दोन-तीन महिन्यांच्या पुढे ठेवणार नाही. अंधाऱ्या, थंड कपाटात बाटल्या उभ्या ठेवल्या की पुरते. फ्रीजमध्ये ग्लिसरीन घट्ट होते, आणि गार बाटली लगेच उघडली तर आत दमटपणा शिरतो. अनेक बाटल्यांतले द्रव एका मोठ्या बाटलीत ओतून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात हवाही मिसळते आणि मुदतीचे लेबलही हरवते. खरे सांगायचे तर चाळीस बाटल्या संपायला किती महिने लागतील, याचा हिशेब खरेदीआधीच व्हायला हवा होता.

उत्तर २ (दोन मुलांची आई):
मुदतीइतकीच जागाही महत्त्वाची आहे, हे मी कळकळीने सांगते. येथे इंग्लंडमध्ये प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिनची परवानगी आहे, म्हणजे १० मिलिलिटरच्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅम असू शकते, आणि तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतायला ते पुरेसे आहे. एकदा आमच्या धाकटीच्या मुठीत आंब्याच्या वासाची बाटली सापडली. टोपण मुलांना न उघडणारे होते, पण मोठ्यांनीच ते नुसते टेकवून ठेवलेले. तेव्हापासून बाटल्या कुलपात असतात आणि फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी कधीच नसतात. द्रव अंगावर सांडले तर साबण-पाण्याने लगेच धुवावे, कारण निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते; मुलाच्या पोटात गेल्याची शंका आली तरी वाट न पाहता ९९९ या येथील आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. जुने द्रव मोरीत ओतू नये. ते घातक कचऱ्यात कसे द्यायचे, हे कौन्सिलकडे विचारावे.

उत्तर ३ (ठाणेकर):
पुण्याला मुळीच नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवर, विक्रीवर आणि साठ्यावरही बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सिगारेटची तलफ येईल ही भीती असेल, तर निघण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना निकोटिनच्या पट्ट्यांविषयी विचारा.

लेस्टरवासी:
सर्वांचे मनापासून आभार. खिडकीतली बाटली बाजूला काढली आहे. बाकीच्या जिन्याखालच्या कपाटात ठेवून त्याला कुलूप लावले आणि प्रत्येकीवर फोडल्याची तारीख लिहिण्यासाठी कागदाची चिकटपट्टी लावून ठेवली.