गाळातल्या संघांचे बेसबॉल विनोदपट : मजा खेळाची की निकालाची?

डावखुरा
पोरांच्या संघाचा 'द बॅड न्यूज बेअर्स' (1976) आणि व्यावसायिक संघाचा 'मेजर लीग' (1989) आजही रंगतात, त्याचं अर्धं श्रेय मी बेसबॉलच्या नियमांना देतो. बॅटिंगला नऊ जणांचा क्रम, नववा झाला की पुन्हा पहिला. क्रिकेटमध्ये अकराव्याला पॅडही न बांधता दिवस काढता येतो. इथे क्रमातल्या सगळ्यात ढ गड्यालाही सामन्यात तीन-चारदा बॅट घेऊन उभं राहावंच लागतं. पटकथाकाराला प्रत्येक नमुना आयताच मध्यभागी मिळतो. शिवाय व्यावसायिक हंगाम 162 सामन्यांचा, त्यात शंभर जिंकणारा संघही साठेक हरतो. त्यामुळे तळाच्या संघाने एखाद्या दिवशी बलाढ्यांना लोळवणं मुळीच फिल्मी नाही.

उलटतपासणी
असहमत. एक दिवस ठीक, पण 162 सामन्यांत नशीब विरून जातं. 'मेजर लीग' ती अडचण गाण्यावरच्या झटपट दृश्यमालिकेखाली ढकलतो. क्लीव्हलँडच्या मालकिणीला संघ मायामीला हलवायचाय, त्यासाठी प्रेक्षकसंख्या 8 लाखांखाली यायला हवी, म्हणून ती मुद्दाम भंगार भरती करते. इथवर झकास. पुढे? फटकेबाज सेरानोला अख्खा हंगाम कर्व्हबॉल (हवेत वळणारा चेंडू) लागत नाही, आणि निर्णायक सामन्यात आपल्या देवाला झिडकारलं की थेट होमरन (मैदानाबाहेर फटका)! वळणारा चेंडू जिद्दीने दिसत नसतो हो.

डावखुरा
सेरानो सोडून दिला. पण पिचर (चेंडू टाकणारा) वॉन? चेंडू वाटेल तिकडे जातात कारण त्याला नीट दिसतच नाही. चष्मा मिळतो, चेंडू ताळ्यावर येतात. दोष नेमका, उपायही नेमका.

तिसरा_बेस
शेवटही बघा, तिथे होमरन नाही. 2-2 बरोबरी, धावणारा हेज दुसऱ्या बेसवर (चार बेस पुरे केले की एक धाव). बॅटिंगला आलेला टेलर स्टँडकडे बोट दाखवतो, तिसऱ्या बेसचा क्षेत्ररक्षक मागे सरकतो. गुडघे गेलेला हा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) बंट करेल, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच टेकवेल, असं कोणाच्या डोक्यातही येत नाही, आणि तो नेमका तेच करतो. चेंडू उचलायला पुढे धावत यावं लागतं, मग पहिल्या बेसकडे लांब थ्रो. तोवर चेंडू टाकला जाताच सुटलेला हेज तिसरा बेस न थांबता ओलांडून धाव पुरी करतो. 180 फूट, एका हलक्या टपलीवर. आणि शहर क्लीव्हलँड, म्हणजे 1948 नंतर विजेतेपद नाही. 1954 ला 111 सामने जिंकून वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) 4-0 अशी घालवलेली! (चित्रीकरण मात्र बरंचसं मिलवॉकीत.)

उलटतपासणी
बंट मान्य. तरी 'बेअर्स' सरस, कारण ते अंतिम सामना 7-6 हरतात. त्यातला खरा घाव तर प्रतिस्पर्ध्यांच्या पिचरचा आहे. प्रशिक्षक बाप त्याला भर मैदानात मारतो. पुढचा चेंडू त्याच्याकडेच येतो, तो हातात धरून पोरगा नुसता उभा राहतो आणि बॅटर चारही बेस फिरून येतो. असा प्रसंग 'मेजर लीग'मध्ये दाखवा.

डावखुरा
पण 'बेअर्स' तरी गाळातले कुठे राहतात? पहिल्या सामन्यात 26-0 मागे पडल्यावर प्रशिक्षक सामनाच सोडून देतो. मग अमांडा पिचिंगला येते, केली लीक बॅटिंगला. दोन तयार हिरे बाहेरून आणून बसवले की झालं!

उलटतपासणी
म्हणूनच अंतिम सामन्यात प्रशिक्षक काही चांगल्यांना बसवून बाकावरची पोरं उतरवतो ना. तोही सामना जिंकता येण्यासारखा असताना.