कंपनीतला बदल टिकतो कुणाच्या जोरावर: मालकाच्या की सुपरवायझरच्या?

भोसरी_जे_ब्लॉक
भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. जॉब कार्ड, स्टोअर्सची रजिस्टरं, एक्सेलच्या फायली हे सगळं बंद करून ईआरपीवर, म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि बिलं एकाच जागी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं काम आमच्याकडे चालू आहे. परवाच्या मीटिंगमध्ये सल्लागार म्हणाले, "कामगारांची मानसिकता बदलत नाही तोवर काही खरं नाही." मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा काढला.

काय होतं ते सांगते. रात्री अकराच्या सुमारास बारची, म्हणजे ज्यातून भाग बनतात त्या धातूच्या सळ्यांची गाडी गेटवर येते. वॉचमन आवक नोंदवतो, माल उतरतो. नव्या पद्धतीत क्वालिटीने पास केल्याशिवाय जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद) होत नाही आणि जीआरएन झाल्याशिवाय माल स्टॉकला दिसत नाही. क्वालिटीचा माणूस जनरल शिफ्टला. थर्ड शिफ्टच्या सुपरवायझरने करायचं काय? मशीन सकाळपर्यंत उभं ठेवायचं? तो माल उचलतो आणि काम चालू करतो. सिस्टीमच्या हिशोबी बार आलेलाच नाही, म्हणून प्रॉडक्शन बुक होत नाही. प्रॉडक्शन बुक नाही म्हणून डिस्पॅचला बिल निघत नाही. ग्राहकाचे फोन सुरू होतात, मग कुणीतरी ॲडजस्टमेंट एंट्री मारून गाडी सोडतो. महिनाअखेर सगळे म्हणतात सिस्टीमचे आकडे खोटे, आणि स्टोअरकीपर खिशातली डायरी काढतो. खरा स्टॉक त्या डायरीत असतो.

याला विरोध म्हणायचं का? ज्याने रात्री काम करायचं, त्याला ही पद्धत ठरवताना कुणी बोलावलंच नव्हतं. बदल फसतात ते इथे, असं माझं ठाम मत आहे.

आकुर्डीवाला
ताई, मुद्दा कळला, पण निष्कर्ष मान्य नाही. सगळ्यांना विचारत बसलात तर दहा जण दहा कारणं देतील आणि रजिस्टर आहे तिथेच राहील. आपल्या शहरातलंच उदाहरण घ्या. २००९ च्या अखेरीस बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी स्कूटरमधून पूर्ण बाहेर पडायचं जाहीर केलं. खुद्द त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघड सांगितलं. चेतक म्हणजे घराघरातली गाडी, आकुर्डीत मतं घेतली असती तर एक मत तरी त्या बाजूने पडलं असतं का? पण २००१ मध्ये पल्सर आल्यापासून कंपनीची दिशा मोटरसायकलची होती आणि वरच्या माणसाने ती धरून ठेवली. मोठा बदल वरूनच येतो, आणि तो येताना कुणीतरी दुखावतंच.

तुमच्या कंपनीत खरी चूक कुठे आहे सांगू? डायरी चालू आहे ही. जुनी वाट उघडी असेपर्यंत नव्या वाटेला कुणी जात नाही. एक गुरुवार धरा, सुट्टीच्या दिवशी पूर्ण स्टॉक मोजा आणि शुक्रवारपासून कागदावर एक नगही हलणार नाही असा हुकूम काढा. पंधरा दिवस ओरड होईल, मग बसेल.

शिफ्ट_बी
मी सुपरवायझर आहे, चाकणला. आकुर्डीवाला साहेब, स्कूटर बनवायची की मोटरसायकल हे मालकाने ठरवावं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच आकुर्डीत २००७ मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा फाटकाबाहेर काय वातावरण होतं ते आम्ही पाहिलंय. "कुणीतरी दुखावतंच" हे वाक्य लिहायला सोपं आहे.

आता शुक्रवारच्या हुकमाचं बघू. आमच्या लाइनला टर्मिनल एक. शिफ्ट सुटायच्या वेळी एंट्रीला रांग लागते, कारण प्रत्येकाला नग, रिजेक्शन, रिजेक्शनचं कारण आणि मशीन का थांबलं याचा कोड टाकायचा असतो. हात तेलाचे. ट्रेवरचं बारकोडचं स्टिकर मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटने दोन दिवसांत पुसतं. स्कॅन झालं नाही की सोळा आकडी नंबर हाताने टाका. ही एंट्री करायला जो वेळ जातो तो शिफ्टच्या टार्गेटमध्ये कुठेच धरलेला नाही. संध्याकाळी मला विचारतात नग किती निघाले. एंट्री वेळेवर झाली का, हे कुणी विचारत नाही. मग मी पोरांना मशीनवर ठेवू की रांगेत उभं करू? टार्गेट जुनंच ठेवायचं आणि काम नवं वाढवायचं, हा बदल नाही, हे ओझं आहे.

हिंजवडी_फेज२
मी सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, त्यामुळे थोडं कडू बोलतो. प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं, "आमचं काम वेगळं आहे." लिडल ही जर्मनीची मोठी किराणा साखळी. त्यांनी २०११ मध्ये एसएपी या ईआरपीवर जायचं काम हाती घेतलं. त्यांची जुनी रीत मालाचा हिशोब खरेदीच्या भावाने करायची, आणि तयार सॉफ्टवेअर चालायचं विक्रीच्या भावाने. लिडलने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअरच बदलत बसले. २०१८ मध्ये सगळा प्रकल्प गुंडाळला. सुमारे ५० कोटी युरो गेल्याच्या बातम्या होत्या. शॉप फ्लोअरवरची प्रत्येक मागणी मान्य केली तर हेच होणार. शेवटी ७० टक्के बदल फसतात ते उगीच नाही.

निगडीकर
त्या ७० टक्क्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण हा आकडा दाखवूनच लोकांना घाबरवलं जातं. १९९३ मध्ये हॅमर आणि चॅम्पी या व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या दोघांनी रीइंजिनिअरिंगचे, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने रचायचे ५० ते ७० टक्के प्रयत्न फसतात असा अंदाज लिहिला आणि तो शास्त्रीय नाही हेही तिथेच लिहिलं. पुढच्यांनी ५० गाळला, अंदाज हा शब्दही गाळला आणि राहिला नुसता ७०.

लिडलचं उदाहरण मान्य. पण माल कोणत्या भावाने धरायचा हा निर्णय वरच्या केबिनमधला होता, तो हमालाने किंवा कॅशियरने अडवला नव्हता. आणि घाईने हुकूम काढायचा असेल तर हर्शीचं काय झालं तेही बघा. अमेरिकेतली ही चॉकलेट कंपनी. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं आणि १९९९ च्या जुलैमध्ये, म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी सुरू होतात नेमक्या तेव्हा, एकदम चालू केलं. गोदामात माल होता, तो दुकानात पोचेना. दहा कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी हातच्या गेल्या. आपल्याकडे वाहन कंपन्यांची दसरा-दिवाळीची मागणी डोक्यावर असताना गो-लाइव्ह करणं, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष चालू करणं, म्हणजे तेच.

भोसरी_जे_ब्लॉक
शिफ्ट_बी, टार्गेटचा मुद्दा मी पुढच्या मीटिंगला जसाच्या तसा मांडणार आहे.

'मानसिकता' म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे: फ्रेमाँट. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा हा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी इतका बदनाम झाला की १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. पण लाइनवर दोष दिसला तर दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार प्रत्येकाला मिळाला आणि दोरी ओढल्यावर टीम लीडर मदतीला धावत यायचा. गाड्यांची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या तोडीची झाली. माणसं तीच होती, मग बदललं काय?

आकुर्डीवाला
बदललं ते व्यवस्थापन, आणि माझाही मुद्दा तोच आहे. फ्रेमाँटचं उदाहरण अर्धवट सोडू नका. जनरल मोटर्सने तीच पद्धत व्हॅन नाइसच्या कारखान्यात न्यायचा प्रयत्न केला. तिथे ती रुजली नाही आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. दोरी लावता येते, पण ती ओढल्यावर ओरडायचं नाही हे मॅनेजरांना शिकवणारा वर कुणी नसेल तर ती नुसती लटकत राहते. खालच्या लोकांची इच्छा कितीही असो, मालक पाठीशी नसेल तर पहिल्या खराब महिन्यातच सगळं जुन्यावर येतं. ते मी या पट्ट्यात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

लालबावटा_पिंपरी
युनियनमध्ये काम करतो, थोडक्यात लिहितो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ९-अ हे कलम होतं: कपात होण्याची शक्यता असलेलं नवं तंत्र आणायचं तर कामगारांना एकवीस दिवस आधी नोटीस द्यायची. किती कंपन्यांनी ती मनापासून दिली? ईआरपी आलं की स्टोअर्समधल्या चारपैकी दोघांचं काय होणार, हे पहिल्या दिवशी सांगा. ते सांगितलं नाही तर स्टोअरकीपर डायरी लपवणारच, कारण त्या डायरीवर त्याची नोकरी टिकलेली आहे.

हिंजवडी_फेज२
हा मुद्दा मी मानतो. आमच्या प्लॅनमध्ये ट्रेनिंगचे दिवस असतात, पण कुणाच्या कामाचं पुढे काय होणार याचा रकाना नसतो. मात्र रात्रीच्या जीआरएनसाठी सॉफ्टवेअर बदलू नका, भोसरीताई. माल 'तपासणी बाकी' म्हणून स्टॉकला घ्यायची सोय बहुतेक ईआरपींमध्ये असते. गरज आहे ती थर्ड शिफ्टला पास करायचा अधिकार असलेल्या एका माणसाची.

भोसरी_जे_ब्लॉक
तो माणूस आमच्याकडे आहे. थर्ड शिफ्टचा सुपरवायझर मायक्रोमीटर आमच्या इन्स्पेक्टरइतकाच नीट धरतो आणि बार बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट वाचतो. अडलंय ते क्वालिटी हेडच्या सहीवर, कारण हा अधिकार खाली द्यायला ते तयार नाहीत. आकुर्डीवाला काका, मालकाचा जोर मला इथे हवाय. रजिस्टर बंद करायचा हुकूम नंतर काढू देत, आधी ही सही मिळवून द्यावी.

आकुर्डीवाला
सही मिळवा, पण त्याच कागदावर रजिस्टर बंद व्हायची तारीखही लिहून घ्या. नुसती सही मिळाली तर डायरी पुढच्या खंडेनवमीलाही चालूच असेल.

शिफ्ट_बी
तारखेला माझी हरकत नाही. त्याआधी दुसरं टर्मिनल बसवा, आणि एंट्रीचा वेळ टार्गेटमधून वजा करा.