टर्कीसाठी पहिली शॉटगन: १२ गेजचा हट्ट सोडा, २० घ्या

डोंगरपायथा (पेनसिल्व्हेनिया)

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच, "यंदा स्प्रिंग टर्कीच्या शिकारीला यायचंय, बंदूक कुठली घेऊ?" मग दुकानात गेलं की हातात पडते साडेतीन इंची काडतुसं खाणारी १२ गेज (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तशी नळी मोठी). आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरणाऱ्यासाठी याहून वाईट निवड नाही, असं माझं ठाम मत आहे.

टर्कीला अंगावर मारायचं नसतं. पूर्ण वाढलेला नर वीस पाउंडांच्या आसपास भरतो आणि पिसांचा थर जाड असतो. छर्रे डोक्यात आणि मानेच्या मणक्यांत बसले तरच पक्षी जागेवर पडतो, नाहीतर जखमी होऊन झाडीत जातो आणि हाती लागत नाही. म्हणजे ४० यार्डांवर वीतभर जागेत भरपूर छर्रे हवेत, आणि प्रत्येकात हाडापर्यंत जायची ताकद हवी. शिशाच्या काळात त्यासाठी मोठी नळी नि मोठं काडतूस लागायचं, हे मान्य. पण साडेतीन इंची १२ गेज १९८८ साली आलं ते बदकं आणि हंसांच्या शिकारीत शिशाच्या जागी पोलादी छर्रे वापरावे लागत होते म्हणून. टर्कीवाल्यांनी ते नंतर उचललं.

आता टंगस्टन आहे. शिशाची घनता ११ च्या जवळपास, टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) या टंगस्टनची १८. त्यामुळे जेमतेम २ मिलिमीटरचा ९ नंबरचा टंगस्टन छर्रा शिशाच्या ५ नंबरइतका आत जातो (नंबर मोठा तसा छर्रा बारीक). औंसामागे ५ नंबर शिशाचे १७० छर्रे बसतात, ९ नंबर टंगस्टनचे ३६०. २० गेजच्या तीन इंची काडतुसात दीड औंस मिळतं, म्हणजे सुमारे ५४० छर्रे. १२ गेजच्या तीन इंची शिशाच्या काडतुसात पावणेदोन औंस, म्हणजे कसेबसे तीनशे. मग पहाटे चार वाजता साडेसात पाउंडांचं धूड घेऊन डोंगर कशाला चढायचा?

बाराबोर (मिझूरी)

आकडे बरोबर आहेत, तुलना चुकीची आहे. तुम्ही २० मध्ये टंगस्टन भरलंत आणि १२ मध्ये शिसं. तेच टंगस्टन १२ मध्ये घाला, पावणेदोन औंस बसतं. १२ पुढेच राहते.

दुसरं, बार उडाला की खांद्याला बसणाऱ्या दणक्याचं. २० गेज म्हणजे मऊ, हा समज नवख्याला महागात पडतो. दणका ठरतो काडतुसातल्या वजनावर, वेगावर आणि बंदुकीच्या वजनावर. सहा पाउंडांच्या २० मधून दीड औंस सेकंदाला ११०० फुटांनी सोडलंत आणि साडेसात पाउंडांच्या १२ मधून पावणेदोन औंस १२०० फुटांनी, तर दोन्ही बंदुका जवळपास सारख्याच वेगाने खांद्यावर आदळतात. वाचवलेलं वजन खांदाच भरून देतो. दणका खरंच कमी हवा असेल तर गॅसवर चालणारी सेमी-ऑटो घ्या, किंवा बंदूक जड ठेवा.

आणि पैसे? टंगस्टनचं एक काडतूस दहा डॉलरच्या पुढे. चांगलं शिशाचं, राळेत छर्रे बसवलेलं, तीन डॉलरच्या आसपास. इतक्या महागाचं काडतूस असलं की माणूस कागदावर एकदा मारतो आणि "बसलं" म्हणून घरी जातो. १२ गेजचं काडतूस गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. त्याच बंदुकीवर सप्टेंबरात कबुतरं, हिवाळ्यात हंस, उन्हाळ्यात क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या) होतात. पहिली बंदूक अशी हवी.

डोंगरपायथा

दणक्याचं गणित मान्य. पण हंगामात टर्कीवर अशी काडतुसं किती उडतात? सगळा सराव २० गेजच्या पाऊण-एक औंसाच्या साध्या टार्गेट काडतुसांवर होतो. नवखा बिघडतो तो सरावात, चाप ओढण्याआधीच डोळे मिटायची सवय लागते तेव्हा. २० मध्ये ती लागत नाही. आणि पहिला बार नीट गेला पाहिजे.

कुंपणाआड (पेनसिल्व्हेनिया)

तुम्ही दोघं गेजवर अडलायत आणि दस्त्याच्या लांबीबद्दल कोणी बोलत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आणि मी डावखुरी. दुकानातल्या बंदुकांचा दस्ता चापापासून साधारण १४ इंचांचा असतो, म्हणजे पाच फूट दहा इंच उंचीच्या पुरुषाच्या मापाचा. टर्कीला आपण झाडाला पाठ टेकून, गुडघे वर घेऊन, बंदूक गुडघ्यावर ठेवून बसतो, अंगात जाड जाकीट असतं. लांब दस्ता जाकिटात काखेशी अडकतो, बंदूक पूर्ण वर येतच नाही, मग गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि छर्रे पक्ष्याच्या डोक्यावरून जातात. पुष्कळ लोक याला "नेम चुकला" म्हणतात. मापच चुकलेलं असतं. तेरा इंचांच्या आतला तरुणांसाठीचा दस्ता, किंवा पट्ट्या घालून कमी-जास्त होणारा दस्ता घ्या, मग गेज बघा.

डावखुऱ्यांनी सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) कुठे आहे तेही बघावं. मॉसबर्ग ५०० ची वरच्या बाजूला, अंगठ्याखाली असते, कुठल्याही हाताला सारखी. रेमिंग्टन ८७० ची चापामागे आडवी, उजव्या हातासाठी बसवलेली. समोर ३० यार्डांवर पिसारा फुलवलेला नर उभा असताना बोट फिरवून सेफ्टी शोधायला लागली की संपलं. त्याला तेवढी हालचाल पुरते.

बाराबोर

ताई, दस्त्याबद्दल शंभर टक्के सहमत.

एकनळी (विस्कॉन्सिन)

मी डोंगरपायथांच्याही पुढे जातो. .४१० घ्या, २० पेक्षाही बारीक नळीची. पाच पाउंडांची एकनळी, दोनशे-अडीचशे डॉलरांत. तीन इंची टंगस्टन काडतुसात १३/१६ औंस, ९ नंबरचे २९० च्या आसपास छर्रे. बाराबोर ज्या शिशाच्या काडतुसाचं कौतुक करतायत, त्याच्याइतकेच झाले ना? माझ्या मुलीने याच बंदुकीवर पहिला टर्की घेतला, ३० यार्डांच्या आत.

बाराबोर

तुमच्या मुलीने ३० यार्डांच्या आत मारला, कारण शेजारी तुम्ही होतात. माझी हरकत .४१० वाल्या मुलांवर नाही, मोठ्यांवर आहे. टंगस्टन आलं आणि ६०, ७० यार्डांच्या बढाया सुरू झाल्या. कागदावर छर्रे बसतात म्हणून जिवंत पक्ष्यावर मारायचं? त्या अंतरावर पक्षी एक पाऊल पुढे गेला की डोक्याऐवजी अंगात छर्रे. दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत टर्की कमी होतायत, टेनेसीला २०२३ मध्ये हंगाम दोन आठवडे पुढे ढकलून मर्यादा तीनवरून दोन पक्ष्यांवर आणावी लागली. जखमी होऊन मेलेला पक्षी कुठल्याच मोजणीत येत नाही. बंदूक निवडताना आपण तिच्यासोबत अंतरही निवडत असतो, आणि हलक्या बंदुकीत महागडं काडतूस घालणाऱ्याला लांबचा मोह जास्त होतो. शिवाय .४१० सगळ्याच राज्यांत चालत नाही. घेण्याआधी आपल्या राज्याचं नियमपुस्तक उघडा.

डोंगरपायथा

अंतराबद्दल वाद नाही. ४० यार्ड, बस्स. बसल्यावर आधी झाडं मोजून ठेवायची, त्या झाडापलीकडे चाप ओढायचा नाही. पण हा मोह १२ वाल्यांना होत नाही असं म्हणू नका. साडेतीन इंची काडतूस विकलंच जातं लांबच्या माऱ्याच्या नावाखाली.

वाटसरू (पुणे)

मध्येच बोलतो, माफ करा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली आणि बरंच झालं. पोटाला कमी नसताना पक्षी मारायची साधनं निवडण्यावर इतका खल वाचून वाईट वाटलं.

डोंगरपायथा

वाईट वाटणं समजतं. आपल्याकडे तो कायदा हवाच होता. इथलं गणित वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठीच्या बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने कितीतरी राज्यांतून टर्की नाहीसा झाला होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर, आता तो ११ टक्के आहे, राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. पुढे जाळी टाकून रानातले पक्षी पकडले आणि रिकाम्या जंगलांत सोडले, त्यामागे हा पैसा आणि लायसन्सची फी होती. वसंतात आमच्याकडे फक्त दाढीवाला (छातीवर केसांसारखा झुपका असलेला) पक्षी घेता येतो, तोही आवाज देऊन बोलावून, मागावर जाऊन नाही. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

नवं_लायसन्स (न्यू जर्सी)

मी एच-१बी वर आहे. ऑफिसमधला एक जण म्हणाला, तुला बंदूक घेताच येत नाही. खरं का?

कुंपणाआड

अर्धं खरं. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे, पण ज्याच्याकडे अमेरिकेतल्या राज्याचं चालू शिकार लायसन्स आहे त्याला सूट आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. म्हणून तुमच्यासाठी क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग बंदूक. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना लायसन्स दाखवावं लागतं. आणि तारीख सांभाळा. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स ३० जूनला संपतं. मे महिन्यात शिकार करून बंदूक कपाटात ठेवली आणि जुलैत नवं लायसन्स काढायचं राहिलं, तर ती कपाटातली बंदूकच गुन्हा ठरू शकते. न्यू जर्सीचे स्वतःचे नियम आणखी कडक आहेत, आधी वकिलाला विचारा. व्हिसा पणाला लावू नका.

माळरान (टेक्सास)

मी चोकबद्दल लिहितो, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवून छर्रे एकत्र ठेवणाऱ्या तुकड्याबद्दल, कारण बंदुकीइतकाच तो ठरवतो. नवखे सगळ्यात घट्ट टर्की चोक लावतात. घट्ट चोक आणि टंगस्टन मिळून १५ यार्डांवर छर्‍यांचा गोळा मुठीएवढा राहतो. पक्षी अगदी जवळ आला आणि हातभर बाजूने बार गेला, असं होतं ते यामुळे. नळीच्या टोकावरच्या नुसत्या मण्याने नेम धरू नका, रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) किंवा मागची-पुढची दोन्ही साइट लावा. आमच्या मेस्कीटच्या (काटेरी झुडपांच्या) मोकळ्या रानात पक्षी लांबून दिसतो, पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत तो एकदम वीस यार्डांवर उगवतो. तिथे थोडा सैल चोक आणि २४ इंचांच्या आतली नळी बरी.

डोंगरपायथा

हे पटलं. रेड डॉट बसवताना आधी स्वस्त टार्गेट काडतुसांवर साधारण मध्य आणायचा, शेवटची दोन-तीनच टंगस्टनची. बाराबोर, "महाग म्हणून सराव नाही" याचं उत्तर हेच.

बाराबोर

अर्धंच उत्तर. टार्गेट काडतूस जिथे मारतं तिथेच टंगस्टन मारेल याची खात्री नसते, कधी चार-सहा इंचांचा फरक पडतो. शेवटची दोन-तीन पुरतीलच असं नाही. कागद ४० यार्डांवर लावा, टर्कीच्या डोक्याभोवती दहा इंचांचं वर्तुळ काढा, पेन्सिलीने एकेक भोक खूण करत मोजा. आत शंभर हवेत, आणि डोकं-मणक्यांत किती गेले ते वेगळं लिहा. नंतर १५ आणि २५ यार्डांवर हेच. शंभर भरत नसतील तर जिथे भरतात तितकं तुमचं अंतर, मग ते ३० यार्ड का असेना. हे सगळं करायला जो महागडी काडतुसं खर्चायला तयार आहे, त्याने २० खुशाल घ्यावी. बाकीच्यांना मी १२ आणि शिसंच सांगत राहणार.